‘प्रतिकारशक्ती वाढवा’ : एका वाक्याची तपासणी

(मंचर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)

व्याख्यानमालेत समीक्षेचं सत्र म्हटलं की पुस्तकावर, नाटकावर किंवा एखाद्या कवीवर बोलणं होईल अशी अपेक्षा असते. मी साहित्याचा माणूस नाही. तीसेक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत आलो. संयोजकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला एका वाक्याची समीक्षा करायची आहे. ते वाक्य कुणा लेखकाचं नाही, पण गेल्या पाच-सहा वर्षांत मराठीत त्याच्याइतकं वाचलं गेलेलं दुसरं वाक्य सापडणं अवघड आहे. ‘आपली प्रतिकारशक्ती वाढवा.’ मेडिकलच्या काउंटरवर, रसाच्या गाड्यावर, च्यवनप्राशच्या डब्यावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर. आज इथे येताना स्टँडजवळ मी ते दोन ठिकाणी वाचलं.

वाक्यात बिघडलंय काय, असं तुम्ही म्हणाल. शक्ती वाढवा म्हणणं वाईट कसं? तर आधी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो.

आत्या जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठावरच्या एका गावात राहते. दोन गाई, थोडा कांदा, थोडा ऊस. पन्नाशी ओलांडल्यावर तिची बोटं सकाळी आखडायला लागली. उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही, धार काढता यायची नाही, कांदा काटायला बसली की विळा हातातून निसटायचा. वात आहे म्हणून दीड-दोन वर्षं तेल चोळणं, बिब्बा घालणं, वांगं-दही बंद, असं सगळं झालं. शेवटी पुण्याला नेलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान निघालं, ऱ्हुमॅटॉइड संधिवात. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांत आत्या पुन्हा धार काढायला लागली.

मग २०२० साल आलं. घरातल्या प्रत्येक फोनवर प्रतिकारशक्ती वाढवायचे निरोप. आणि आत्याला आठवलं, की गोळी देताना तिला सांगितलं होतं, ‘हे औषध प्रतिकारशक्ती कमी करतं, काळजी घ्या.’ तिने दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली. तिचं तर्कशास्त्र अगदी चोख होतं बघा. मला फोनवर म्हणाली, “अरे, सगळं जग ताकद वाढवायला लागलंय, आन् मी दर आठवड्याला पैसे देऊन कमी करती व्हय?” गोळी बंद केली. बांधावरच्या लिंबाची गुळवेल तोडून काढा सुरू केला. मला हे कळलं तेव्हा चार महिने होऊन गेले होते. दोन्ही हातांचे सांधे पुन्हा सुजले होते, आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच. पुढे औषधाने सूज गेली, बोटं सरळ झाली नाहीत.

यात आत्याची चूक कुठे होती, याचा मी पुष्कळ विचार केला. तिला मिळालेली दोन वाक्यं खरी मानली तर तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. गडबड वाक्यांतच होती, आणि ती दोन्ही वाक्यं शिकल्यासवरल्या लोकांनी लिहिलेली होती. त्यांत मीही आलो. फळ्यावर पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक असं मीच किती वर्षं लिहीत होतो!

आता ‘शक्ती’ हा शब्द बघा. शक्ती म्हटलं की एकच माप डोळ्यासमोर येतं, टाकीतल्या पाण्यासारखं. कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलं. शरीरातली ही व्यवस्था तशी एका मापाची नाही. ती निरोपांची व्यवस्था आहे. कोणत्या पेशीने कधी जागं व्हायचं, किती वाढायचं, कधी थांबायचं, हे पेशी एकमेकींना सांगत असतात, आणि ‘थांबा’ सांगणारे निरोप ‘चला’ सांगणाऱ्या निरोपांइतकेच मोलाचे असतात.

मी वर्गात हे नंतर नंतर सातबाऱ्याच्या फेरफारावरून सांगायला लागलो. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफाराची नोंद घालतो. तेवढ्याने सातबारा बदलतो का? नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच ती लागू होते.

टी-पेशी नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी आहेत त्यांचं काम असंच दोन सह्यांचं आहे. पहिली सही म्हणजे दुसऱ्या एका पेशीने आपल्या पृष्ठभागावर धरून दाखवलेला प्रथिनाचा तुकडा टी-पेशीच्या ग्राहीला नेमका बसणं. दुसरी सही म्हणजे टी-पेशीवरच्या सीडी२८ या प्रथिनाला समोरच्या पेशीकडून मिळणारा दुजोरा. समोरच्या पेशीला जंतूची किंवा इजेची चाहूल लागली असेल तरच ती हा दुजोरा भरभरून देते. पहिली सही आहे आणि दुसरी नाही, असं झालं तर टी-पेशी कामाला लागत नाही. उलट सुस्त पडते. बहुतेक वेळा हेच आपल्याला वाचवतं, कारण स्वतःच्याच शरीराचे तुकडे ओळखू शकणाऱ्या थोड्या टी-पेशी आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आज, आत्ता फिरत आहेत. तुमच्याही आणि माझ्याही. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत अशा पेशी निवडून काढल्या जातात, पण ती निवड शंभर टक्के होत नाही.

आणि हरकत? टी-पेशी जागी झाली की काही वेळाने तिच्याच अंगावर सीटीएलए-४ नावाचं प्रथिन येतं. सीडी२८ ज्याला चिकटतं त्यालाच हे जास्त घट्ट चिकटतं आणि दुजोरा तोडतं. १९९५ साली ज्या उंदरांमधून या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, ते तीन-चार आठवड्यांत मेले. कुठलाही रोगजंतू लागलेला नव्हता. टी-पेशी बेसुमार वाढल्या आणि हृदयात, स्वादुपिंडात, सगळीकडे घुसल्या. २०१४ मध्ये अशी माणसंही सापडली, ज्यांच्यात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती. कुणाच्या आतड्याला सूज, कुणाच्या रक्तपेशी नष्ट होत होत्या. फेरफाराची उपमा इथे थोडी अपुरी पडते हे मान्य करतो. मंडल अधिकारी कितीही घाईत असला तरी त्याच्यामुळे कुणी तीन आठवड्यांत मरत नाही. (हशा)

म्हणजे ‘वाढवा’ हे क्रियापद अक्षरशः खरं केलं तर काय होतं, याचा प्रयोग झालेला आहे. माणसांवरही झालेला आहे, आणि चांगल्या हेतूने. जेम्स ॲलिसन यांनी विचार केला की कर्करोगाशी टी-पेशी का लढत नाहीत? कारण त्यांचा ब्रेक लागलेला असतो. सीटीएलए-४ला अडवणारं औषध तयार झालं, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्वचेच्या एका जीवघेण्या कर्करोगाचे काही रुग्ण वर्षानुवर्षं जगले. २०१८चं नोबेल ॲलिसन आणि जपानचे तासुकु होन्जो यांना याच कामासाठी मिळालं. पण या रुग्णांपैकी कित्येकांना आतड्याची सूज आली, थायरॉइड बिघडलं, यकृताला सूज आली, काहींच्या अंगावर कोड उठलं. औषधशास्त्रात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं बिनदिक्कत म्हणता येईल असं जर काही असेल तर ते हे, आणि ते रुग्णालयात, डॉक्टरच्या नजरेखाली, शिरेतून देतात. रसाच्या गाड्यावर मिळत नाही.

याच्या उलट टोकाचं औषधही आहे. सीटीएलए-४चाच तुकडा वापरून बनवलेलं अबॅटासेप्ट. आत्याला जो आजार आहे त्यासाठी ते २००५ पासून वापरतात. एकच खटका, कर्करोगात वर करायचा आणि संधिवातात खाली. हे एकदा नीट कळलं की ‘शक्ती’ शब्दाची अडचण आपोआप कळते.

थोडं ‘सैनिक’ आणि ‘कुंपण’ या दोन प्रतिमांकडे वळू. वर्तमानपत्रात स्वयंप्रतिरक्षा विकारांवर लेख आला की एक म्हण हमखास येते : कुंपणानेच शेत खाल्लं. किंवा, आपलेच सैनिक आपल्यावर उलटले. म्हण अस्सल मराठी आहे, चटकन पोचते, म्हणून लिहिणाऱ्याला मोह होतो. पण ती काय सांगते ते तपासा. त्यात विश्वासघात आहे. कुंपण हे राखणदार, आणि राखणदारच चोर निघाला. ल्युपस झालेल्या पंचविशीतल्या मुलीने हे वाचलं की तिच्या मनात काय येतं? माझं शरीर माझं वैरी आहे. मी असं काय केलं? घरचे तर विचारतातच, तू काय केलंस. लग्न ठरायचं असेल तर विचारूच नका.

आता प्रत्यक्षात काय घडतं त्याचं एक उदाहरण. २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका स्पॅनिश मुलीच्या ल्युपसवर शोधनिबंध आला. लहानपणीच तिला हा आजार झालेला. तिच्या टीएलआर७ नावाच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला. टीएलआर७ हे पेशीच्या आत बसलेलं एक संवेदक प्रथिन आहे. विषाणूंचा आरएनए आला की इशारा देणं हे त्याचं काम. आरएनए आपल्या पेशींतही असतो, म्हणून हे संवेदक जरा बेतानेच हळवं असावं लागतं. या मुलीत ते नको इतकं हळवं झालं होतं. स्वतःच्याच आरएनएच्या घटकावर ते वाजत राहायचं. संशोधकांनी तोच बदल उंदरांत घातला तर उंदरांनाही ल्युपससारखा आजार झाला.

सांगा, यात सैनिक कुठे उलटला? सैनिकाने आलेला हुकूम पाळला. फितुरी नाही, निरोपाची चूक आहे. आणखी एक गोष्ट, टीएलआर७चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बायकांमध्ये एक्स दोन असतात. त्यांतला एक बंद ठेवला जातो, पण काही जनुकं त्या बंदीतूनही थोडी चालू राहतात आणि टीएलआर७ त्यांपैकी एक. दहा ल्युपस रुग्णांमागे नऊ बाया का असतात, या कोड्याचा हा एक धागा मानतात. सगळं उत्तर त्यात नाही. पण ‘तू काय केलंस’ या प्रश्नापेक्षा हा धागा मला जास्त सभ्य वाटतो.

प्रत्येक रुग्णात असा एकच बिघाड सापडतो, असा समज मात्र करून घेऊ नका. ती मुलगी अपवाद आहे. आत्यासारख्या बहुतेकांत अनेक जनुकांचे लहान लहान कल आणि बाहेरचे धक्के मिळून निरोपांचा तोल जातो. शिवाय या जनुकांचं पुष्कळ संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेलं आहे. पीटीपीएन२२ या जनुकातला एक बदल तिकडच्या संधिवाताच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असतो, आणि आपल्याकडच्या लोकांत तो जवळजवळ सापडतच नाही. परदेशातलं पुस्तक मराठीत आणताना ही ओळ गाळली जाते, याची मला चीड आहे.

प्रतिमा विचार अडवते, हे रुग्णांपुरतंच नाही हो. खुद्द शास्त्रज्ञांचंही तसंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल अर्लिक या फार मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने एक लॅटिन शब्दप्रयोग रूढ केला, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. स्वतःला विष होण्याची शरीराला असलेली भीती. असं घडू नये म्हणून शरीर व्यवस्था करतं, असं त्याला म्हणायचं होतं. वाचणाऱ्यांनी ते ‘असं घडूच शकत नाही’ असं वाचलं. १९०४ मध्येच स्वतःच्या लाल पेशी फोडणाऱ्या प्रतिपिंडांचा आजार वर्णन केलेला होता, तरी १९५० च्या दशकापर्यंत ही कल्पना मुख्य प्रवाहात शिरू शकली नाही. १९५६ मध्ये थायरॉइडवरचं काम आलं तेव्हा कुठे दार उघडलं. दोन शब्दांनी पन्नास वर्षं घेतली.

आणि अर्लिकला अभिप्रेत असलेली ती व्यवस्था? तिचं एक मोठं उत्तर शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दिलं : इतर टी-पेशींना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशीच असतात. नियामक टी-पेशी. त्यांचं मुख्य जनुक फॉक्सपी३. हे जनुक मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘स्कर्फी’ नावाच्या आजारी उंदरांच्या वाणावरून शोधलं. हे जनुक बिघडलेली मुलं जन्मल्यापासून मधुमेह, जुलाब, त्वचेचे विकार घेऊन येतात. २०२५चं नोबेल या तिघांना मिळालं. मराठी बातम्यांचे मथळे मी त्या दिवशी आवर्जून वाचले. ‘प्रतिकारशक्तीचं रहस्य उलगडणाऱ्यांना नोबेल.’ अहो, नोबेल मिळालं ते आवर घालण्याच्या शोधाला! मथळ्यात पुन्हा शक्तीच.

गंमत म्हणजे आपल्याकडे बरा शब्द होता. चरकसंहितेत ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द येतो. ‘क्षम्’ या धातूला समर्थ असणं आणि सहन करणं, दोन्ही अर्थ आहेत. चरकाला नियामक पेशी माहीत होत्या असला दावा मी करणार नाही, कुणी केला तर उठून जाईन. एवढंच म्हणतो की त्या शब्दात सोसण्याला जागा होती, ‘प्रतिकारशक्ती’त ती उरली नाही. इंग्रजीतला ‘इम्युनिटी’ही मुळात लढाईचा शब्द नाही. लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे कर किंवा सेवा माफ असलेला. आपल्या भाषेत इनामदार म्हणा ना! सैन्य त्यात नंतर शिरलं.

आता गुळवेल. हा विषय टाळला तर तुम्ही मला गेटवर गाठाल.

गुळवेलीवर गंभीर काम झालं ते आपल्याच राज्यात, मुंबईत केईएम रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मराठी वाचकांना त्या ललित लेखिका म्हणून ठाऊक आहेत, पण त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता घटलेली असते, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना जंतुसंसर्ग गाठतो. अशा रुग्णांना या गटाने गुळवेलीचा अर्क दिला, पेशींची क्षमता मोजली, ती सुधारलेली दिसली, संसर्गही कमी झाला. रुग्णांची संख्या लहान होती. पण प्रश्न नेमका होता : कोणत्या आजारात, कोणत्या पेशीचं, कोणतं काम घटलंय, आणि ते या औषधाने परत येतं का?

मग २०२०. त्या कामातली अट गळून पडली आणि फक्त ‘गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते’ एवढं उरलं. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२०च्या उपचार-नियमावलीतही गुळवेल होती. समीक्षकाच्या नजरेने बघा, एखाद्या चांगल्या कथेतून पात्रं, प्रसंग सगळं काढून टाकावं आणि तात्पर्य तेवढं ठेवावं, तसं झालं. आत्या काही पित्तनलिका अडलेली रुग्ण नव्हती. तिच्या पेशी मंद नव्हत्या, त्या आधीच नको तितक्या जाग्या होत्या.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल छापला. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले हे रुग्ण, आणि सूज स्वयंप्रतिरक्षा विकाराच्या धर्तीची. त्यांतला एक रुग्ण दगावला. मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये हरकत घेतली : लेखकांनी वनस्पतीची ओळख पटवली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी जात असू शकते. हरकत अगदीच निराधार नव्हती. बाजारातल्या पुडीत काय आहे हे आपल्यापैकी कुणी सांगू शकत नाही. पण २०२२ मध्ये देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास छापला आणि चित्र तसंच निघालं. त्या लेखकांचा अंदाज असा, की काहींमध्ये दबून असलेला स्वयंप्रतिरक्षा विकार या काढ्याने उघडा पडला असावा.

आता इथे दोन्ही बाजूंना मी थोडं सुनावणार आहे. त्रेचाळीस रुग्ण म्हणजे गुळवेल विष आहे असं सिद्ध होत नाही; किती लाख लोकांनी काढा घेतला आणि त्यांना काही झालं नाही, तो आकडा कुणाकडेच नाही. त्या वेळी काही जणांनी ज्या आवेशात आयुर्वेदाची सरसकट खिल्ली उडवली ती मला पटली नाही. पण मंत्रालयाने २०२२ मध्ये पुन्हा गुळवेल सुरक्षित आहे असं सांगितलं, त्यात ‘ज्यांना स्वयंप्रतिरक्षा आजार आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत यायला हवं होतं. आत्यापर्यंत तरी ते पोचलं नाही.

त्याच काळातली एक विसंगती नोंदवून ठेवतो. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुचवलं आणि बघता बघता ती गोळी दुकानांतून नाहीशी झाली. ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांची ही रोजची गोळी. ती काय करते? इतर गोष्टींबरोबर, टीएलआर७सारख्या संवेदकांचा आवाज खाली आणते. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटलीत, निरोप शांत करणारी गोळी आणि निरोप चेतवणारा म्हणून घेतलेला काढा, दोन्ही ‘प्रतिकारशक्तीसाठी’! आणि ज्या बाईला ती गोळी खरोखर हवी होती ती चार दुकानं हिंडून रिकाम्या हाताने घरी.

आपल्या भागात असे किती रुग्ण असतील? आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या केंद्राने १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. देशातल्या ग्रामीण भागातली या प्रकारची ही महत्त्वाची पाहणी मानली जाते. तिथे प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवात साधारण अर्धा टक्का निघाला. जुन्नर आणि आंबेगाव मिळून २०११च्या जनगणनेत सहा लाखांच्या पुढे लोक होते; प्रौढ चार लाख धरले आणि भिगवणचं प्रमाण लावलं तर दोन हजारांच्या आसपास माणसं होतात. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, पाहणी नव्हे. पण दोन हजार म्हणजे काही कमी नाहीत. यांतल्या किती जणांचं निदान झालंय? भीमाशंकरच्या बाजूच्या किंवा नाणेघाटाकडच्या वाडीवरची बाई या आजाराच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे पुणे, आणि जाऊन-येऊन मजुरीचा दिवस बुडतो. म्हणून ‘वात आहे’ या दोन शब्दांवर वर्ष-दोन वर्षं निघून जातात, आणि सांध्याचं कायमचं नुकसान बहुतेक त्याच काळात सुरू होतं.

‘वात’ या शब्दावर माझा राग नाही. आत्याने पहिल्यांदा दुखणं सांगितलं ते याच शब्दात. पण हा शब्द झिजून झिजून म्हातारपणाची गुडघेदुखी, मणक्याची गॅप, चिकुनगुन्यानंतरचं आखडणं आणि हा आजार, सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. फरक ओळखायला सोपी खूण आहे : सकाळी तासभर आखडणं, दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम सुजणं, आणि हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकणं. एवढं आशाताईंना आणि आपल्याला माहीत असलं तरी पुष्कळ बायकांची बोटं वाचतील.

राहिलं ते दुसरं वाक्य. ‘हे औषध प्रतिकारशक्ती कमी करतं.’ डॉक्टर घाईत असतात, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, हे मला मान्य आहे. पण या वाक्याने गोळी बंद होते. मी एका डॉक्टर मित्राला म्हटलं, तू असं सांगून बघ : ‘तुमच्या शरीरात सूज आणणारा निरोप सारखा जातोय, ही गोळी तो निरोप हळू करते. ताप आला, खोकला राहिला तर मला कळवा, गोळी मनाने बंद करू नका. आणि ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही.’ त्याने घड्याळ लावलं. दहा-बारा सेकंदं जास्त लागतात.

हा निरोपांचा नकाशा जसा उलगडला तशी औषधंही नेमकी व्हायला लागली आहेत. पेशीच्या दारावर आलेला सुजेचा निरोप आत केंद्रकापर्यंत नेणारी जॅक-स्टॅट नावाची साखळी आहे. जॅक प्रथिन स्टॅटवर फॉस्फेटचा शिक्का मारतं, शिक्का बसलेलं स्टॅट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. तो शिक्काच अडवणारी टोफासिटिनिब ही गोळी २०१२ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झाली. कोडासाठी त्याच जातीचं मलम २०२२ मध्ये तिकडे मंजूर झालं. पण ही साखळी सुजेपुरती नाही, क्षयाचे जंतू दाबून ठेवायलाही तीच लागते. म्हणून आपल्या देशात ही गोळी देण्याआधी क्षयाची तपासणी करतात, ती टाळू नये. हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांबद्दलही २०२१ मध्ये अमेरिकेत ठळक इशारा दिला गेला. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर उद्या ‘निरोप शांत करा’ अशी नवी पाटी लागायची.

प्रश्न घेऊ या.

एका श्रोत्याचा प्रश्न : सर, मग आम्ही गुळवेल प्यायची की नाही, एका शब्दात सांगा. आणि आमच्याकडे आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा करतात, त्याच्या जाहिरातीतही प्रतिकारशक्ती असते.

उत्तर : एका शब्दात नाही सांगता येत, दोन वाक्यांत सांगतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा स्वयंप्रतिरक्षा विकार, ल्युपस, संधिवात, कोड, यकृताचा जुना आजार असेल तर मनाने घेऊ नका, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. बाकीच्यांनीही महिनोन्महिने रोज काढा कशासाठी घ्यायचा, हे घेण्याआधी स्वतःला विचारावं. हिरड्याबद्दल म्हणाल, तर बाळहिरडा वेचणाऱ्या माणसाला भाव मिळावा असं मला मनापासून वाटतं. पोट साफ व्हायला हिरडा घेणं हे आपल्या आज्यांनी केलेलं आहे, तेवढंच पुडीवर लिहावं. विकलं जाईल ते.

दुसरा प्रश्न (एक शिक्षिका) : आठवीच्या मुलांना ‘सैनिक’ न म्हणता कसं शिकवायचं? मुलांना तेच आवडतं.

उत्तर : आवडतं, खरंय. मी आता ‘पहारेकरी’पासून सुरुवात करतो. पहारेकऱ्याचं निम्मं काम घरच्यांना ओळखून आत सोडण्याचं असतं. मग मुलांना विचारतो, रात्री तुमच्या वस्तीवर कुत्रं भुंकलं की प्रत्येक वेळी बिबट्याच असतो का? जुन्नरच्या मुलांना याचं उत्तर पाठ आहे. ती म्हणतात, नाही सर, कधी कधी मामा आलेला असतो. मग मी विचारतो, मामाला ओळखायला कुत्र्याला कोण शिकवतं? तिथून पुढचा तास मुलंच घेतात. माझी आत्या त्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. गोळी परत सुरू केल्याला आता पाच वर्षं झाली. धार सून काढते, कांदे मात्र ती अजून काटते, डाव्या हाताने.